७३व्या घटनादुरुस्तीने निवडणूक बंधनकारक केली, मग अधिकार का नाही?

शिवारफेरी

मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांची मुदत संपली आणि तिथे प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका असं बजावलं. पुढे ती मुदतही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावी लागली, आणि महापालिकांचं मतदान झालं ते त्या जानेवारीत. जवळजवळ चार वर्षं मुंबईला नगरसेवक नव्हते. विधानसभा चार वर्षं बंद ठेवली असती तर राज्य पेटून उठलं असतं. जिल्हा परिषद बंद राहिली आणि फारसं कुणी रस्त्यावर उतरलं नाही. मला छळतो तो हा प्रश्न. जी संस्था नसली तरी लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटत नाही, तिला पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीने नेमकं दिलं काय होतं?

थोडं मागे जाऊ. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय (गाव, तालुका, जिल्हा) पंचायत सुचवली आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौरला नेहरूंच्या हस्ते तिची सुरुवात झाली. आपल्याकडे वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा आला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, शेती, रस्ते असा मोठा कारभार त्यांच्याकडे होता. देशात आपली जिल्हा परिषद वजनदार समजली जायची. पण हे सगळं राज्याच्या कायद्यावर उभं होतं. राज्य सरकारला वाटलं तर निवडणूक लांबणार, वाटलं तर संस्था बरखास्त होणार. बिहारमध्ये १९७८ नंतर पंचायत निवडणुका झाल्या त्या थेट २००१ मध्ये.

हे थांबवायला १९८९ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने ६४व्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. ते लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत पडलं. मग नरसिंह रावांच्या काळात, डिसेंबर १९९२ मध्ये, ७३वी (पंचायतींसाठी) आणि ७४वी (शहरांसाठी) दुरुस्ती संमत झाली. पहिली २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, दुसरी १ जूनला.

आता मूळ मुद्दा. या दुरुस्तीत काही गोष्टी राज्यांवर बंधनकारक आहेत: पाच वर्षांच्या आत निवडणूक, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, महिलांना किमान एक तृतीयांश जागा, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग. पंचायतीला प्रत्यक्ष कोणते अधिकार द्यायचे (कलम २४३-जी) आणि कोणते कर बसवू द्यायचे (२४३-एच) हे मात्र विधिमंडळाच्या मर्जीवर सोडलं आहे. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांचा फार गवगवा होतो. शेती, पाणी, शाळा, आरोग्य, रेशन, रस्ते, सगळं त्यात आहे. पण ती यादी म्हणजे 'यातलं द्यायचं असेल तर द्या' एवढंच. द्यावंच लागेल असं कुठेही म्हटलेलं नाही.

माझं म्हणणं असं की या दुरुस्तीने लोकशाही रुंद केली, खोल केली नाही. लाखो माणसं निवडून आली, त्यांतल्या कितीतरी महिला पहिल्यांदाच सत्तेच्या खुर्चीवर बसल्या, आणि त्याचं मोल मी जराही कमी लेखत नाही. पण निवडून आलेल्याच्या हातात निर्णय नसेल तर लोक हळूहळू निवडणुकीलाच कमी महत्त्व देऊ लागतात. त्यामुळे पुढची दुरुस्ती २४३-जी ची हवी. अधिकार आणि पैसा दोन्ही बंधनकारक करा.

विरोधी मतं जरूर मांडा, मला ती ऐकायची आहेत.

माळरान

शिवारफेरी, लोकांचं अडलं नाही हे मला मान्य नाही. अडलं, फक्त लोक दुसरीकडे गेले. जिल्हा परिषद सदस्य नाही, पंचायत समितीचा सभापती नाही, मग शाळेची खोली, पाणंद रस्ता, स्मशानभूमीचं शेड यासाठी सरपंच गेला कुठे? आमदाराकडे. २५१५ ची (राज्याच्या त्या लेखाशीर्षातल्या ग्रामविकास निधीची) कामं कुणाच्या पत्रावर मिळतात ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. चार वर्षांत आमदार आणि गाव यांच्यामधला एक अख्खा थर नाहीसा झाला. स्थायी समितीत शिक्षणाधिकाऱ्याला उभं करून 'या केंद्रात शिक्षक का नाहीत' असं विचारणारं कुणी उरलं नाही.

आंदोलन झालं नाही याचं कारण हेच आहे. ज्यांनी ते उभं करायचं, त्यांतल्या अनेकांना हा थर नसणं सोयीचं होतं.

कलमवाचक

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो, कारण निवडणुका का रखडल्या याचं मूळही शिवारफेरींनी सांगितलेल्या त्रुटीतच आहे.

२४३-डी मध्ये एससी, एसटी आणि महिलांचं आरक्षण बंधनकारक आहे. ओबीसींचं नाही, ते पोटकलम ६ ने राज्यावर सोडलं. महाराष्ट्राने सरसकट २७ टक्के ठेवलं. २०१० मध्ये के. कृष्णमूर्ती खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की हे आरक्षण ठेवता येईल, पण स्थानिक पातळीवरच्या मागासलेपणाचा अभ्यास हवा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. अकरा वर्षं कुठल्याही सरकारने ती माहिती गोळा केली नाही. मार्च २०२१ मध्ये विकास गवळी खटल्याचा निकाल आला, तिहेरी चाचणी (स्वतंत्र आयोग, प्रत्यक्ष आकडेवारी, ५० टक्क्यांची मर्यादा) लागली आणि २७ टक्क्यांचा आधारच गेला. मग ही आकडेवारी गोळा करायला बांठिया आयोग, प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्याकडे घेणारा मार्च २०२२ चा कायदा, मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७, आणि प्रत्येक वळणावर नवी याचिका.

ओबीसींचा हक्क घटनेनेच नीट बांधून दिला असता तर हे झालं नसतं. आणि चार वर्षं सर्वांत जास्त नुकसान झालं ते ज्यांच्या नावाने भांडण चाललं होतं त्या समाजांतल्या कार्यकर्त्यांचं. त्यांची पहिली पायरीच काढून घेतली गेली.

दुसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. ७४व्या दुरुस्तीतल्या २४३-झेडडी कलमानुसार प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असते आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे अध्यक्ष असतो पालकमंत्री. या चार वर्षांत निवडून आलेले सदस्यच नव्हते, मग चार पंचमांश आणायचे कुठून? जिल्ह्याचा आराखडा मात्र दरवर्षी ठरत राहिला आणि पैसा खर्च होत राहिला. कोणाच्या सहीने, हे सांगायला नको. माळरान म्हणतात तो थर नाहीसा होण्याचा सर्वांत मोठा परिणाम मला इथे दिसतो.

दप्तरदार

मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराचसा काळ ७३व्या दुरुस्तीनंतरचा, त्यामुळे कागदावरचा बदल दप्तरात कसा उतरला ते जवळून पाहिलं आहे.

पैशाबद्दल सांगतो. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांच्या वर अनुदान दिलं आणि ते थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात आलं. आमच्यासाठी तो मोठा बदल होता. त्याआधी लहान गावात घरपट्टी, पाणीपट्टीच्या वसुलीतून शिपायाचा पगार आणि पंपाचं वीजबिल भागलं तरी खूप म्हणायचं. आता गावाचा आराखडा करायचा म्हटलं तर आराखड्यात टाकायला पैसा होता. पहिल्या वर्षी आराखड्याच्या सभेला जी गर्दी झाली ती मी आधी पाहिली नव्हती. लोकांना सांगावं लागलं नाही, या म्हणून. 'आमच्या ठरावाने काम होतंय' एवढं कळलं की माणसं येतात.

पंधराव्या आयोगात हे अनुदान तिन्ही स्तरांत वाटलं गेलं आणि २०२१ पासून त्यातलं ६० टक्के बंधित झालं: निम्मं पाण्यासाठी, निम्मं स्वच्छतेसाठी. उरलेलं ४० टक्के अबंधित. पाणी आणि स्वच्छता नको असं कोण म्हणेल? पण एखाद्या गावात नळयोजना झालेली असते, गटारं झालेली असतात, आणि खरी अडचण अंगणवाडीच्या गळक्या छताची असते. तिथे बंधित पैसा पडून राहतो किंवा झालेल्या गटारावर पुन्हा गटार होतं. सभेत कुणी उठून विचारलं की छताला पैसे का नाहीत, तर उत्तर काय देणार? वरून असंच आलंय. दोनदा असं ऐकलं की तिसऱ्यांदा माणूस सभेला येत नाही.

ग्रामसभेच्या कोरमवरून गावकऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितो. आपल्या कायद्यात एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग आठ-दहा जणांत वर्षाचे ठराव होतात आणि सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. हे चूक आहे, मी त्याचं समर्थन करणार नाही. पण निर्णय हातात असला की लोक येतात, हेही मी याच डोळ्यांनी पाहिलं आहे.

केंद्राचं हे अनुदान लोकनियुक्त मंडळ असेल तरच मिळतं, हेही लक्षात ठेवा. निवडणूक लांबली की गावाचा पैसाही थांबतो.

उजेडवाट

शिवारफेरी, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण 'गावाला अधिकार द्या' हे वाक्य मी सहज स्वीकारू शकत नाही, आणि माझ्यासारखे अनेकजण स्वीकारू शकणार नाहीत.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे म्हटलं ते सगळ्यांना माहीत आहे: खेडं हे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं घर आहे. मसुद्याचा पाया गाव नसून व्यक्ती आहे याचा त्यांना आनंद होता. पंचायतींचा उल्लेख नंतर के. संथानम यांच्या दुरुस्तीने कलम ४० मध्ये आला, तोही मार्गदर्शक तत्त्व म्हणून. तो विचार मागासलेला होता आणि ७३व्या दुरुस्तीने तो सुधारला, असं काहीजण लिहितात. मला ते पटत नाही. बाबासाहेबांची भीती खरी होती म्हणूनच या दुरुस्तीत आरक्षण बंधनकारक करावं लागलं.

आणि ते केल्यावर काय झालं? तामिळनाडूत मदुराई जिल्ह्यात मेलवलवू पंचायतीचं अध्यक्षपद अनुसूचित जातीसाठी राखीव झालं. निवडून आलेल्या मुरुगेसन यांची आणि त्यांच्या साथीदारांची ३० जून १९९७ ला भर दिवसा हत्या झाली. त्याच जिल्ह्यात पापापट्टी, कीरिपट्टी आणि नट्टारमंगलम या गावांनी राखीव अध्यक्षपदाची निवडणूक १९९६ पासून २००६ पर्यंत नीट होऊच दिली नाही. दहा वर्षं! कलम घटनेत होतं, आयोग होता, तारीख होती, तरीही.

हे तामिळनाडूतलं आहे म्हणून समाधान मानू नका. आमच्या तालुक्यातल्या एका गावात राखीव जागेवरचा सरपंच ऐकत नाही म्हटल्यावर सदस्यांनी एकजुटीने अविश्वास आणला. त्याने काम केलं होतं, हिशेब चोख होते. चूक एकच होती, दलित वस्तीतल्या रस्त्याचा ठराव त्याने आधी घेतला.

म्हणून माझा क्रम वेगळा आहे. आधी राखीव पदावरच्या माणसाला संरक्षण. त्याच्या विरोधातल्या अविश्वासाची कारणं तपासणारी गावाबाहेरची यंत्रणा हवी. दलित वस्तीच्या निधीवर वस्तीतल्या लोकांच्या सभेचा शेवटचा शब्द हवा. हे होऊ द्या, मग २९ काय, ५० विषय द्या. नाहीतर तुम्ही द्याल ती सत्ता ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्याकडेच जाईल.

शिवारफेरी

उजेडवाट, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. संरक्षण आधी की अधिकार आधी, यावर माझं मत असं: दोन्ही एकाच दुरुस्तीत हवेत. अधिकार राज्याकडे ठेवून दलित सरपंच सुरक्षित झाला असं तरी कुठे झालंय? त्याला ना गावात आधार, ना तालुक्यात वट. त्याच्या ठरावाला पैसा जोडलेला असेल तर गावातली चार घरं तरी त्याच्या बाजूने उभी राहतील. पण वस्तीसभेच्या निर्णयाला कायद्याचं बळ हवं, हा तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतो. माझ्या मूळ लेखातल्या मागणीत तो जोडूनच पुढे बोलू.

गोदातीर

मी महिला राखीव जागेवरून सरपंच झाले. सरपंच म्हणून पाच वर्षं पूर्ण केली.

'सरपंचपती' या विषयावर खूप विनोद होतात. ते करणाऱ्यांना एक विचारते. ज्या बाईला कधी बँकेत एकटीने जाऊ दिलं नाही, तिला एका दिवसात निविदा, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका कळावी ही अपेक्षा कुठून येते? पुरुष सरपंचाला तरी ते पहिल्या दिवशी कळत होतं का? तो चुकला तर 'नवीन आहे' आणि बाई चुकली तर 'बाईमाणूस आहे'. पहिलं वर्ष माझेही यजमानच बोलायचे. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या जागेवरून वाद झाला तेव्हा मी सभेत उभी राहिले, कारण पाणी कुठून किती लांबून आणावं लागतं हे त्या खोलीत मला आणि इतर बायांनाच ठाऊक होतं. त्यानंतर बोलणं माझं झालं.

आणि हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास केला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पद महिलेसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला दिसला. आरक्षण चिठ्ठीने ठरत असल्याने तुलना नेमकी करता आली. बाई खुर्चीवर आली की खर्चाचा क्रम बदलतो, हे त्यातून स्पष्ट झालं. बिहारने २००६ मध्ये महिलांसाठी ५० टक्के जागा केल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये.

माझी तक्रार आरक्षणाच्या फिरत्या पद्धतीबद्दल आहे. पाच वर्षांनी जागा खुली झाली आणि पक्षाने मला सांगितलं, ताई, आता खुल्या जागेवर पुरुष उमेदवार बघू. जागा खुली आहे म्हणजे ती पुरुषांची आहे असं कायद्यात कुठे लिहिलंय? काम शिकायला दोन वर्षं जातात, तीन वर्षं काम होतं आणि मग घरी. एकच आरक्षण सलग दोन मुदतींसाठी ठेवलं तर शिकलेलं वाया जाणार नाही. दुरुस्ती करायला निघालाच आहात तर हे आधी करा.

उजेडवाट दादा, अविश्वासाबद्दल तुम्ही लिहिलंत ते महिला सरपंचांनाही लागू आहे. माझ्यावरही प्रयत्न झाला होता.

रानवाट

सगळे ग्रामपंचायतीबद्दल बोलताय, मी ग्रामसभेबद्दल बोलतो, कारण गडचिरोलीत आम्ही फरक पाहिला आहे.

७३वी दुरुस्ती अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्राला आपोआप लागू नव्हती. त्यासाठी भुरिया समितीच्या शिफारशींवरून १९९६ मध्ये पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा आला. त्यात गावाची व्याख्याच वेगळी आहे: पाडा, वस्ती, जिथे लोक आपला कारभार आपल्या रीतीने चालवतात ते गाव. चार पाड्यांची मिळून एक ग्रामपंचायत असली तरी प्रत्येक पाड्याची ग्रामसभा स्वतंत्र. महाराष्ट्राने नियम केले २०१४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला तो २०१५ पासून.

मेंढा (लेखा) गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या सगळ्याच्या आधीपासून दिली होती. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः केला. लिलावाची सभा असते तेव्हा कोरमची चिंता कुणाला नसते, म्हातारी माणसंसुद्धा येतात. दप्तरदार काका सांगतात तेच इथे मोठ्या प्रमाणावर दिसतं.

उजेडवाट यांची वस्तीसभेची मागणी पेसात जवळजवळ जशीच्या तशी आहे. पाड्याला जे मिळू शकतं ते इतर जिल्ह्यांतल्या वस्तीला का मिळू नये?

दूरदेशी

एका शेजारच्या आणि एका लांबच्या देशाचं उदाहरण देतो, दोन्ही आपल्यासारखेच विकसनशील.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थानिक पातळीचे २२ अधिकार सरळ लिहून दिले आहेत. प्रदेशाने (तिथल्या राज्याने) द्यायचे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. एकूण ७५३ स्थानिक पालिका आहेत. २०१७ मध्ये जवळपास वीस वर्षांनी तिथे स्थानिक निवडणुका झाल्या. प्रमुख आणि उपप्रमुख या दोन पदांसाठी एकाच पक्षाने उमेदवार दिले तर त्यांतली एक महिला असावी लागते. बहुतेक पक्षांनी महिलांना उपप्रमुखपदावरच ठेवलं ही तक्रार आहे, पण स्थानिक न्यायिक समिती उपप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली चालते, त्यामुळे गावोगावी तंटे सोडवण्याचं काम महिलांकडे आलं.

केनियाने २०१० च्या संविधानात ४७ काउंटी केल्या आणि राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा त्यांना मिळालाच पाहिजे असं घटनेतच घातलं. तिथेही हप्ते उशिरा येतात, काउंटीत भ्रष्टाचार होतो, सगळं आहे. पण वाटा किती हा प्रश्न दरवर्षी मंत्र्यांच्या दारात जात नाही.

आपल्याकडे वित्त आयोगाचं अनुदान पाच वर्षांनी नव्या अटींसह येतं आणि राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी मानणं राज्यावर बंधनकारक नाही. केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांना दिला, तो राजकीय निर्णय म्हणून. दुसऱ्या राज्यांनी तो घेतला नाही आणि घटनेने त्यांना भाग पाडलं नाही.

माळरान

एक शंका. लोकशाही मजबूत करणारी दुरुस्ती म्हटलं की मला ४४वी आठवते. आणीबाणीत ४२व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षं केली होती. ४४व्या दुरुस्तीने १९७८ मध्ये ती पुन्हा पाचवर आणली, आणीबाणीसाठी 'अंतर्गत अशांतते'ऐवजी सशस्त्र उठाव ही अट घातली आणि कलम २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं केलं. तिच्यापुढे ७३वी किती मोठी मानायची?

कलमवाचक

माळरान, तुलना चांगली आहे. ४४वीने सत्तेला आवर घातला. ती मोडायची तर सरकारला उघडपणे मोडावी लागेल आणि न्यायालय लगेच अडवेल. ७३वीला सत्ता वाटायची होती, आणि ती वाटणारे हात राज्यांचे आहेत. ते हात आखडले तर न्यायालयात जाऊन फार काही मिळत नाही, कारण २४३-जी मध्ये राज्याने मोडलं असं काही कर्तव्यच नाही.

हे बदलायची सूचना नवी नाही. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ च्या स्थानिक कारभारावरच्या अहवालात २४३-जी राज्यांवर बंधनकारक करा असं म्हटलं होतं. ते झालं नाही. राज्यांचा आक्षेपही समजून घ्यायला हवा: १९८९ चं विधेयक पडण्यामागे दिल्ली राज्यांना डावलून थेट जिल्ह्यांशी व्यवहार करेल ही भीती होती, आणि आज राज्यांचे कर-अधिकार आकसलेले असताना ती भीती वाढलीच आहे. पंचायतीचा वाटा राज्याच्याच खिशातून काढायचा आणि केंद्राने आपला हात राखून ठेवायचा, असं चालणार नाही. केनियासारखा वाटा ठरवायचा असेल तर तो देशाच्या एकूण महसुलातून ठरवावा.

गोदातीर

हे सगळं दिल्लीत व्हायचं तेव्हा होईल. निवडणूक वेळेवर व्हावी यासाठी गावातल्या माणसाला आत्ता काय करता येईल, कलमवाचक?

कलमवाचक

ताई, २००६ चा किशनसिंग तोमर निकाल हाताशी ठेवा. अहमदाबाद महापालिकेच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुदत संपण्याआधी निवडणूक घेणं ही राज्य निवडणूक आयोगाची घटनात्मक जबाबदारी आहे आणि राज्य सरकार सहकार्य करत नसेल तर आयोगाने उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जावं. म्हणजे आयोगाला 'राज्याने प्रभागरचना दिली नाही' असं म्हणून गप्प बसता येत नाही. मुदत संपल्यावर केलेल्या याचिकेत न्यायालयासमोर प्रशासक आधीच बसलेला असतो. त्यामुळे पत्रव्यवहार आधी सुरू करायचा.

जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या होत्या. त्यांची पाच वर्षं २०२६ च्या सुरुवातीलाच भरली. बाकीच्यांची मुदत वेगवेगळ्या महिन्यांत संपते. तुमच्या ग्रामपंचायतीची पहिली सभा कोणत्या तारखेला झाली ते प्रोसिडिंग बुकात बघा, मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. ती संपायच्या सहा महिने आधी आयोगाला आणि तहसीलदाराला लेखी विचारा: प्रभागरचना कधी, आरक्षण सोडत कधी, मतदार यादी कधी. तोच ठराव ग्रामसभेत घेतलात आणि त्याची प्रत जोडलीत तर आणखी चांगलं. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात मागा. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर हे कागद याचिकेला लागतील.

दप्तरदार

आणि ठरावाची नक्कल मागितली की पोच घ्या. ग्रामसेवक नाही म्हणणार नाही. म्हणाला तर इथे लिहा, कुठल्या नियमाखाली अर्ज करायचा ते मी सांगतो.